पावसाच्या आलेखातील रंगांचा शिरस्ता

२००५ सालच्या २६ जुलैच्या सकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४.२ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि त्याच चोवीस तासांत, त्याच महानगरपालिकेच्या हद्दीत असलेल्या कुलाब्याच्या वेधशाळेत अवघ्या ७३.४ मिलिमीटरांची नोंद झाली. हे दोन आकडे ज्याला ठाऊक आहेत त्याला 'मुंबईत इतका पाऊस पडला' असे सरसकट विधान करताना क्षणभर थबकावे लागते. पंधरा वर्षांनंतर, ५ ऑगस्ट २०२० रोजी, पारडे नेमके उलट झुकले: कुलाब्यास ३३१.८ आणि सांताक्रूझला १६२.३ मिलिमीटर. गिरगाव, लालबाग, परळ आणि दादर हा सारा मुलूख या दोन वेधशाळांच्या दरम्यान वसलेला असल्यामुळे तेथील रहिवाशाला दोन्ही आकड्यांशी कर्तव्य असते. आणि शाळेच्या प्रकल्पासाठी, गृहनिर्माण संस्थेच्या पावसाळी तजविजीसाठी किंवा केवळ जिज्ञासेपोटी हे आकडे स्प्रेडशीटमध्ये मांडून त्यांचा आलेख काढणे आता कोणालाही साध्य झाले आहे.

असा आलेख काढावयाचा तर पहिल्या रकान्यात तारखा, दुसऱ्यात कुलाबा आणि तिसऱ्यात सांताक्रूझ अशी मांडणी करून स्तंभालेखाचा हुकूम द्यावा, की पापणी लवते न लवते तोच कुलाब्याचे स्तंभ निळे आणि सांताक्रूझचे नारिंगी होऊन पडद्यावर उभे राहतात. त्या नारिंगीत वस्तुतः काहीही अभिप्रेत नसते. गेली कित्येक वर्षे एक्सेलच्या नित्याच्या रंगमालेत पहिल्या मालिकेस निळा आणि दुसरीस नारिंगी असा क्रम लावून ठेवलेला आहे, एवढाच त्याचा इतिहास. परंतु पावसाळ्यात रोज सकाळी 'ऑरेंज अलर्ट' हे शब्द वाचणाऱ्या मुंबईकराच्या डोळ्यांना तो रंग निरर्थक कसा भासावा? ज्या दिवशी सांताक्रूझला पाच मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवसाचाही स्तंभ नारिंगी, आणि ज्या दिवशी कुलाब्यास ३३१.८ मिलिमीटर पडला त्या दिवसाचा स्तंभ मात्र शांत निळा! आलेख काढणाराने खोटे लिहिले नाही, आकडे बिनचूक उतरवले. तरीही न बोलता एक असत्य वाचकापर्यंत पोचले. आलेखातील रंग हे शोभेचे अंग नसून ते एक विधान असते, आणि विधान करणाराने आपण काय म्हणत आहो हे जाणून ते केले पाहिजे, हे प्रस्तुत लेखकाचे या विषयातील मुख्य प्रतिपादन आहे. पुढील सारे विवेचन त्याच्याच विस्तारार्थ आहे.

प्रथम यंत्राची रीत समजून घेतली पाहिजे. स्प्रेडशीटच्या दृष्टीने आलेखात दोन प्रकारच्या वस्तू असतात: एक मालिका, म्हणजे एका रकान्यातील सर्व आकड्यांचा समूह, आणि दुसरा बिंदू, म्हणजे त्या समूहातील एकेक आकडा, मग तो पडद्यावर ठिपक्याच्या रूपाने उमटो, स्तंभाच्या रूपाने उमटो, की वर्तुळालेखातील फोडीच्या रूपाने. एखाद्या स्तंभावर एकदा क्लिक केले की संपूर्ण मालिका निवडली जाते, आणि किंचित थांबून त्याच स्तंभावर पुन्हा क्लिक केले की तो एकटाच स्तंभ निवडला जातो. हे थांबणे महत्त्वाचे आहे. घाईघाईने दोनदा दाबले असता मालिकेचे दालन उघडते आणि एकाऐवजी सारेच स्तंभ रंगून निघतात. एकटा स्तंभ निवडल्यावर उजव्या कळीने 'फॉरमॅट डेटा पॉइंट' हा पर्याय उघडावा आणि 'फिल' या सदराखाली त्याचा रंग बदलावा; स्तंभाची कड निराळी रंगवावयाची असेल तर 'बॉर्डर'चे सदर निराळे आहे. गूगल शीट्समध्ये हीच गोष्ट 'कस्टमाइझ' आणि त्याखालील 'सिरीज' या सदरात जाऊन, 'फॉरमॅट डेटा पॉइंट' जोडून करता येते. आलेखात एकच मालिका असेल तर एक्सेलमध्ये 'व्हॅरी कलर्स बाय पॉइंट' अशीही एक खूण करण्याची सोय आहे. ती केली की प्रत्येक स्तंभाला आपोआप निराळा रंग मिळतो. आणि पावसाच्या आलेखापुरते बोलावयाचे तर तीच सोय सर्वांत आधी बंद करावी, कारण तीस दिवसांच्या तीस स्तंभांना तीस रंग दिल्याने त्या तीस दिवसांविषयी एका अक्षराचीही अधिक माहिती मिळत नाही.

रेषालेखाच्या बाबतीत एक बारीक खोच आहे, ती येथेच सांगून ठेवतो. तेथे ठिपक्याचा रंग आणि रेषेचा रंग ही दोन स्वतंत्र कलमे असतात, आणि एखाद्या बिंदूच्या रेषेचा रंग बदलला तर मागील बिंदूपासून या बिंदूपर्यंतचा रेषाखंड रंगतो. २६ तारखेचा बिंदू तांबडा करावयास जावे आणि २५ पासून २६ पर्यंतचा सारा उतार तांबडा व्हावा, असा तो प्रकार. एका दिवसाविषयी बोलावयाचे असेल तेव्हा केवळ ठिपका रंगवावा, रेषा रंगवू नये.

आता पावसाकडे वळू. कुलाब्याच्या वेधशाळेची स्थापना ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत १८२६ साली झाली, आणि १८४१ पासून तेथे हवामानाची व भूचुंबकत्वाची नियमित निरीक्षणे होऊ लागली. महाराष्ट्रात आधुनिक गणित रुजविणारे केरो लक्ष्मण छत्रे यांनी तारुण्यातील काही वर्षे याच वेधशाळेत सहायक म्हणून काढली, आणि बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडेही काही काळ तिचा कारभार होता. पुढे शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर त्यांच्या विद्युत्प्रवाहाने चुंबकीय निरीक्षणांत बिघाड होईल म्हणून नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली ते काम अलिबागला हलविण्यात आले; पर्जन्यमापक मात्र कुलाब्यासच राहिला. इतक्या दीर्घ काळाची, इतक्या निष्ठेने राखलेली दप्तरे ज्या शहराला लाभली त्या शहराच्या पावसाचा आलेख निष्काळजीपणे रंगविणे, हा त्या दप्तरदारांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमांचा अनादर होय, असे मला मनापासून वाटते.

वेधशाळेचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. त्यामुळे २६ जुलैचा तो प्रलय सरकारी दप्तरात २७ तारखेच्या सकाळच्या नोंदीत सापडतो, आणि आलेखात कोणता स्तंभ ठळक करावयाचा हे ठरविताना ही तारखेची तफावत ध्यानात न ठेवणारा भलत्याच दिवसाला रंग देऊन बसतो. चोवीस तासांच्या पावसाच्या प्रतीही हवामान विभागाने ठरवून दिल्या आहेत: १५.६ ते ६४.४ मिलिमीटर मध्यम, ६४.५ ते ११५.५ जोरदार, ११५.६ ते २०४.४ अतिजोरदार, आणि २०४.४ च्या वर गेलेला तो अत्यंत जोरदार. वर्तमानपत्रे यांनाच मुसळधार, अतिमुसळधार वगैरे म्हणतात. या प्रतींच्या जोडीला हिरवा, पिवळा, नारिंगी आणि तांबडा अशी इशाऱ्यांची रंगमाला प्रसिद्ध आहे. तेव्हा मोजलेल्या पावसाचे स्तंभ सरळ याच चार रंगांत रंगवावेत, असा मोह आलेखकारास होणे स्वाभाविक आहे.

हा मोह आवरावा. इशाऱ्याचा रंग हा पुढे येणाऱ्या पावसाविषयीचा असतो. तो ठरविताना अपेक्षित पावसाबरोबरच त्या पावसाची संभाव्यता आणि त्याने होऊ शकणारे नुकसान यांचाही विचार केलेला असतो, आणि त्यातून प्रशासनाने व नागरिकांनी काय करावे हे सुचविलेले असते. तांबडा म्हणजे कृती करा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. उलटपक्षी पर्जन्यमापकातील आकडा हा होऊन गेलेल्या गोष्टीचा दाखला असतो. ज्या दिवशी नारिंगी इशारा होता आणि प्रत्यक्षात तीस मिलिमीटरच पाऊस झाला, किंवा पिवळा इशारा असताना अडीचशे मिलिमीटर कोसळला, अशा दिवसांचे स्तंभ इशाऱ्यांच्या रंगांत रंगविले असता वाचणारास वाटते की त्या दिवशी तोच इशारा होता. अंदाज आणि अनुभव यांच्यातील अंतर हीच ज्या आलेखातून दिसावयास हवी अशी गोष्ट, तीच तो आलेख झाकून टाकतो. म्हणून मोजलेल्या पावसासाठी एकाच रंगाच्या फिकट ते गडद अशा छटा घ्याव्यात, पाण्याशी सहज नाते असलेला निळा उत्तम, आणि इशाऱ्यांचे चार रंग इशाऱ्यांसाठीच राखून ठेवावेत.

रंगाला जे सांगता येत नाही तेही येथे नमूद केले पाहिजे. २०४.४ च्या वरचा प्रत्येक दिवस एकाच गडद निळ्यात जातो. २१० मिलिमीटरांचा दिवस आणि ९४४.२ मिलिमीटरांचा दिवस यांचा रंग एकच. सांताक्रूझला सबंध चार महिन्यांत सरासरीने जितका पाऊस पडतो त्याच्या एक-तृतीयांशाहून अधिक पाऊस त्या एका अहोरात्रात पडला, ही गोष्ट स्तंभाची उंचीच सांगू शकते. प्रत सांगण्याचे काम रंगाचे, प्रमाण सांगण्याचे काम उंचीचे. तो उत्तुंग स्तंभ बाकीच्यांना खुजे करतो म्हणून अक्ष मध्येच तोडणे आणि त्याची भरपाई भडक रंगाने करणे, ही तडजोड मला मान्य नाही. त्या दिवशी बाकीचे सारे दिवस खुजेच ठरले होते.

छटा देण्याची योग्य रीत हाताने एकेक स्तंभ रंगविण्याची नव्हे. हाताने दिलेल्या रंगात तीन वैगुण्ये असतात. पहिले असे की त्या रंगाची नोंद आलेखाच्या सूचीत होत नाही, कारण सूची मालिकांची असते. एकाच मालिकेत हाताने रंगविलेल्या बिंदूंचा अर्थ सांगणारी ओळ तेथे उमटत नाही. दुसरे असे की आकडा दुरुस्त केला तरी रंग तसाच राहतो: तात्पुरती नोंद २१० ची होती म्हणून गडद केलेला स्तंभ, पुढे खात्रीची नोंद १९८ ची आली तरी गडदच. तिसरे वैगुण्य सर्वांत धोक्याचे. हाताने दिलेला रंग पुष्कळदा आकड्याला चिकटत नाही, जागेला चिकटतो. पाचव्या स्तंभाला तांबडा रंग दिला आणि मग तक्ता उतरत्या क्रमाने लावला, तर २६ जुलैचा आकडा पहिल्या जागी जातो आणि तांबडा रंग पाचव्या जागीच, एखाद्या निरुपद्रवी दिवसाच्या माथी बसून राहतो. एक्सेलच्या २०१३ च्या आवृत्तीपासून बिंदूचे स्वरूप आकड्यामागे जावे अशी एक तरतूद 'ऑप्शन्स'मधील 'ॲडव्हान्स्ड' सदराखाली ठेवलेली आहे खरी. पण ज्याच्या हाती आपली फाइल जाईल त्याच्या संगणकात ती चालू असेल असे गृहीत धरून चालत नाही.

त्यापेक्षा नियमाने रंग द्यावा. मूळ आकड्यांच्या शेजारी चार नवे रकाने करावेत, प्रत्येक प्रतीला एक: ६४.४ पर्यंत, ११५.५ पर्यंत, २०४.४ पर्यंत, आणि त्यापुढे. प्रत्येक रकान्यात 'इफ' या सूत्राने अशी अट घालावी की मूळ आकडा त्या प्रतीत बसत असेल तर तो येथे उतरावा, नाहीतर 'एनए' या सूत्राने तेथे 'उपलब्ध नाही' अशी खूण व्हावी. ही खूण असलेल्या जागी आलेखात स्तंभ उभा राहत नाही. मग मूळ रकाना वगळून या चार रकान्यांचा आलेख काढावा आणि 'सिरीज ओव्हरलॅप' शंभर टक्के करावा, म्हणजे चार मालिकांचे स्तंभ शेजारीशेजारी जागा न अडविता एकाच जागी येतात. प्रत्येक तारखेस त्यांतील एकच दिसतो. आता चार मालिका म्हणजे चार छटा, आणि चार नावांची सूची आपोआप तयार. प्रतींच्या मर्यादा सूत्रात न लिहिता तक्त्याच्या कोपऱ्यात निराळ्या लिहून सूत्राने तेथून घ्याव्यात. रंग कोणत्या निकषाने दिला हे त्यामुळे तक्ता उघडणाऱ्या प्रत्येकास वाचता येते, त्यावर हरकत घेता येते, आणि निकष बदलला तर सारा आलेख त्या नव्या निकषास रुजू होतो.

दादर आणि परळ यांच्या सीमेवरील हिंदमाताच्या परिसरात ज्यांनी गुडघाभर पाण्यातून वाट काढली आहे त्यांना मात्र चोवीस तासांच्या आकड्याने समाधान मिळणार नाही, आणि ते योग्यच आहे. तो भाग सखल. तेथे पाणी तुंबते ते दिवसाच्या बेरजेने नव्हे तर तासाच्या जोराने, आणि त्या तासाला समुद्र कोठे होता त्यावरून. शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या, आणि तोही भरती नसताना. ही क्षमता ताशी ५० मिलिमीटरांवर नेण्यासाठी १९९३ साली 'ब्रिमस्टोवॅड' या नावाने ओळखला जाणारा अहवाल तयार झाला, आणि २००५ च्या आपत्तीनंतर त्याच्या अंमलबजावणीस वेग आला. रे रोडचे ब्रिटानिया उदंचन केंद्र हे त्याच योजनेचे फळ. अलीकडे दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर मैदानाखाली पावसाचे पाणी साठवून धरणाऱ्या भूमिगत टाक्याही बांधण्यात आल्या आहेत. भरती साडेचार मीटरांहून उंच असली की समुद्राचे पाणी वाहिन्यांच्या मुखांशी येऊन ठेपते आणि पावसाच्या पाण्याला बाहेर पडण्याचा मार्गच उरत नाही. म्हणून पावसाळ्यातील अशा भरतीच्या दिवसांची यादी महानगरपालिका दरवर्षी आगाऊ जाहीर करते.

येथे बिंदूच्या रंगाचा खरा उपयोग आहे, आणि तो वरच्या उपयोगाहून निराळा आहे. आडव्या अक्षावर दिवसाचे चोवीस तास मांडावेत. स्तंभाची उंची म्हणजे त्या तासाचा पाऊस. आणि रंग मात्र पावसावरून न ठरविता भरतीच्या रकान्यावरून ठरवावा. त्या तासाला पाण्याची उंची साडेचार मीटरांच्या वर असेल तर गडद छटा, नसेल तर फिकट. 'इफ'चे सूत्र तेच, केवळ त्याची नजर शेजारच्या रकान्यावर. शिवाय २५ आणि ५० मिलिमीटरांच्या दोन आडव्या रेषा आखाव्यात. त्या रेषाही स्वतंत्र मालिकाच असतात, ज्यांत चोवीसही ओळींत एकच आकडा भरलेला असतो. असा आलेख पाहणारास ५० च्या रेषेवर गेलेला फिकट स्तंभ आणि जेमतेम ३० ला पोचलेला गडद स्तंभ यांची तुलना करता येते, आणि 'पाऊस तर फार नव्हता, मग पाणी का तुंबले?' या दादरकराच्या वर्षानुवर्षांच्या प्रश्नाला उत्तर शोधण्याची दिशा सापडते. उंचीने जे सांगितलेच आहे त्याचा रंगाने पुनरुच्चार करण्यापेक्षा, उंचीला जे सांगता येत नाही ते रंगाकडून वदवून घेणे हे अधिक फलदायी असते.

रंगाच्या या काटकसरीचा धडा मुंबईला नवा नाही. चर्नी रोडचे शासकीय मध्यवर्ती मुद्रणालय असो, की जावजी दादाजी यांनी १८६९ साली काढलेला निर्णयसागर छापखाना असो, खिळ्यांच्या छपाईच्या काळात प्रत्येक अधिक रंगासाठी तोच कागद यंत्रावर पुन्हा चढवावा लागे. रंग वाढला की श्रम आणि खर्च दोन्ही वाढत. साहजिकच दुसरा रंग कोठे लागतो आणि कोठे लागत नाही याचा निर्णय आधी विचाराने होत असे. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेले 'कालनिर्णय' महाराष्ट्रातील घराघरांतील भिंतीवर जाऊन पोचले, त्यातील तारखांचे रंग पाहावेत: रोजचे दिवस काळे, रविवार आणि सुट्ट्या तांबड्या. दोनच रंग, एकच नियम, आणि अक्षरओळख नसलेल्यालाही तो कळतो. एक्सेलच्या २००३ पर्यंतच्या आवृत्त्यांत निदान ५६ रंगांची मर्यादा होती. २००७ पासून तीही उठली, आणि आता तांबडा, हिरवा व निळा यांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्यांच्या मेळातून १,६७,७७,२१६ रंग फुकट हाती आले आहेत. फुकट मिळालेल्या वस्तूचा हिशेब ठेवण्याची सवय मनुष्यस्वभावात नाही, म्हणून तो हिशेब आलेखकाराने स्वतः होऊन ठेवावा लागतो.

एकाही रंगावाचून किती सांगता येते याचाही एक दाखला मुंबईचाच आहे. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ पासून प्लेगची प्रयोगशाळा होती, जी पुढे हाफकिन संस्था म्हणून प्रसिद्धीस आली. त्या प्लेगच्या काळातील, १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या अवधीतील, मुंबई बेटावरील मृत्यूंचे दर आठवड्याचे आकडे घेऊन विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक या दोन शास्त्रज्ञांनी १९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात एक आलेख प्रसिद्ध केला. प्रत्यक्ष मृत्यूंचे ठिपके, आणि साथीच्या गणिती सिद्धांतावरून काढलेला वक्र. ठिपके वक्राला किती जवळून बिलगतात हेच दाखवावयाचे होते, आणि काळ्या शाईने ते पुरेपूर दाखविले. साथींच्या गणिताचा तो आजही पायाभूत मानला जाणारा निबंध आहे. केरमॅक यांची दृष्टी १९२४ साली प्रयोगशाळेतील अपघातात गेलेली होती. मोजलेले आणि गणिताने काढलेले यांचा भेद त्या आलेखात आकारानेच केलेला आहे, आणि स्प्रेडशीटमध्येही तो तसाच करावा: निरीक्षणे ठिपक्यांनी, अनुमान रेषेने.

काळ्या शाईचा विषय निघालाच आहे तर छपाईची एक अडचण सांगतो, कारण बहुतेक आलेख पडद्यावर रंगीत जन्मतात आणि झेरॉक्सच्या दुकानात काळेपांढरे होऊन सभेच्या टेबलावर येतात. रंगाचे करड्या छटेत रूपांतर करताना सामान्यतः तांबड्याचा सुमारे ३० टक्के, हिरव्याचा ५९ टक्के आणि निळ्याचा ११ टक्के वाटा धरला जातो, कारण आपल्या डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ भासतो. या हिशेबाने शुद्ध तांबडा, म्हणजे २५५, ० आणि ०, हा ० ते २५५ अशा करड्या पट्टीवर ७६ व्या पायरीवर येतो. आणि संगणकातील नेहमीचा गडद हिरवा, म्हणजे ०, १२८ आणि ०, हा येतो ७५ व्या पायरीवर. सर्वांत धोक्याचा रंग आणि सर्वांत निर्धास्त रंग, दोन्ही कागदावर एक होतात! ज्यांच्या डोळ्यांना तांबडे-हिरवे भेद नीट कळत नाहीत त्यांचीही या जोडीने हीच फसगत होते. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे वैगुण्य शंभरांत सुमारे आठ जणांना असते, स्त्रियांत त्याहून पुष्कळच कमी, कारण त्यास कारणीभूत असलेली जनुके एक्स गुणसूत्रावर असतात आणि स्त्रीला ते गुणसूत्र दुहेरी मिळते. लोकल गाडी हाकणाऱ्या मोटरमनची रंगदृष्टी तपासल्याशिवाय त्याला कामावर घेत नाहीत. आलेख वाचणाऱ्याची तपासणी कोणी करीत नाही, म्हणून ती काळजी आलेख काढणाराकडे येते.

निळ्याच्या ज्या चार छटा वर सुचविल्या त्यांची परीक्षाही याच कसोटीवर घ्यावी. अमेरिकेतील भूगोलज्ञ सिंथिया ब्रूअर यांनी नकाशांसाठी तपासून सिद्ध केलेल्या रंगमाला सर्वांस खुल्या आहेत. त्यांतील निळ्या मालेतून १९८-२१९-२३९, १०७-१७४-२१४, ३३-११३-१८१ आणि ८-४८-१०७ या चार छटा निवडल्या तर करड्या पट्टीवर त्या अनुक्रमे २१५, १५९, ९७ आणि ४३ च्या आसपास उतरतात. अंतरे जवळजवळ सारखी, क्रम अबाधित. झेरॉक्सच्या यंत्रातून काढा की रंगांध मित्रास दाखवा. हे आकडे 'मोअर कलर्स'च्या चौकटीत एकदा भरून ठेवले की काम झाले.

एक आलेख अजून उरतो, आणि तो मला सर्वांत निकडीचा वाटतो: सरासरीपासूनच्या फरकाचा. कुलाब्याच्या जून महिन्याचा पाऊस सरासरीहून इतके टक्के अधिक, जुलैचा इतके टक्के उणा, असे आकडे मांडले असता शून्याच्या वर व खाली स्तंभ जातात, आणि वर-खालचे रंग भिन्न ठेवणे सोयीचे असते. कोणते रंग? हवामान विभागाच्या पर्जन्यवितरणाच्या नकाशात ६० टक्के वा त्याहून अधिक जादा पाऊस गडद निळा, २० ते ५९ टक्के जादा फिकट निळा आणि १९ टक्क्यांपर्यंत अधिकउणा असा सरासरीइतका पाऊस हिरवा असतो. येथवर क्रम सुसंगत आहे. परंतु २० ते ५९ टक्क्यांची तूट तांबडी आणि त्याहून भीषण, ६० ते ९९ टक्क्यांची तूट पिवळी दाखविली जाते. जो जिल्हा अधिक तहानलेला तो नकाशात अधिक सौम्य दिसतो. आणि ज्या विभागाच्या इशाऱ्यांत तांबडा म्हणजे पावसाचा अतिरेक, त्याच विभागाच्या या नकाशात तांबडा म्हणजे पावसाचा अभाव. ज्या संस्थेच्या आकड्यांवर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो, आणि ठेवावाच, तिने ही विसंगती दूर करावी असे अंतःकरणापासून वाटते. तोवर आपल्या आलेखात आपण तिचे अनुकरण करू नये.

तुटीसाठी कोरड्या मातीची आठवण देणारा तपकिरी, म्हणजे १६६-९७-२६, आणि अधिक पावसासाठी निळसर हिरवा, म्हणजे १-१३३-११३, ही ब्रूअर यांच्याच एका मालेतील जोडी येथे शोभते. करड्या पट्टीवर या दोघांत फारसे अंतर नाही, पण येथे त्याने बिघडत नाही, कारण स्तंभ शून्याच्या वर आहे की खाली यावरूनच तूट की वाढ हे कळते. यासाठी दोन रकानेही करावे लागत नाहीत. मालिका निवडून 'फिल'च्या सदरात 'सॉलिड फिल' घ्यावे आणि 'इन्व्हर्ट इफ निगेटिव्ह' ही खूण करावी. २०१० पासूनच्या एक्सेलमध्ये ती करताच रंगाच्या दोन चौकटी दिसू लागतात, पहिली धन आकड्यांची, दुसरी ऋण आकड्यांची. पहिलीत निळसर हिरवा, दुसरीत तपकिरी. मग आडव्या अक्षाच्या 'लेबल्स'मध्ये 'लेबल पोझिशन' हा पर्याय 'लो' करावा, म्हणजे महिन्यांची नावे खाली लोंबणाऱ्या तपकिरी स्तंभांवर न चढता आलेखाच्या तळाशी ओळीने बसतात.